शिळेखालचं घर

प्रिय पोरी,

आज वाऱ्यानं आमचं काम बंद पाडलंय. सकाळी डोंगरावर पोचलो तर वरची ताडपत्री शिडासारखी फुगली होती आणि तिला धरायला गेलेले दोघं विद्यार्थी तिच्याबरोबर उडायच्या बेतात होते. कप्तानानं सगळ्यांना खाली पिटाळलं. कप्तान म्हणजे आमच्या उत्खननाचा प्रमुख. एके काळी माझ्याच वर्गात मागच्या बाकावर झोपा काढायचा, आता मला 'बाई, चढणीवर जरा सावकाश' म्हणून बजावतो. तर मी माझ्या भाड्याच्या खोलीत बसलेय. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याची ठोकाठोक चालू आहे. टेबल एका पायानं लंगडं आहे, आणि खिडकीच्या फटीतून आलेली धूळ लिहिता लिहिता कागदावर बसतेय. वाचताना काही करकरलं तर तो माझ्या अक्षराचा दोष नाही.

फोनच केला असता. पण आपले फोन कसे असतात ते तुला माहीत आहे. मी विचारते जेवलीस का, तू विचारतेस गुडघे काय म्हणतात, मग ठमी फोन हिसकावते आणि शाळेतल्या सगळ्या भांडणांचा निकाल आजीकडून लावून घेते. शेवटी आपण दोघी एका सुरात 'बरंय मग' म्हणतो. ठमीचा बाबा गेल्यापासून आपण 'बरंय मग'च म्हणतोय. तू माझ्यासाठी जपून बोलतेस, मी तुझ्यासाठी. इतकं जपलंय एकमेकींना की आता त्याचं नाव घेतलं तर घरात काहीतरी फुटेल की काय अशी भीती वाटते. म्हणून पत्र लिहायला घेतलंय. पत्रात 'बरंय मग' म्हणायला समोर कुणी नसतं.

आमच्या कामाबद्दल तू मागच्या वर्षी विचारलं होतंस आणि मी 'हाडं, दुसरं काय' म्हणून विषय बदलला होता. आज नीट सांगते. लोखंड, तांबं काहीच माहीत नसलेल्या, नुकती कुठे शेती करायला लागलेल्या माणसांनी बांधलेलं हे थडगं. पाच हजार वर्षांच्याही आधीचं. पुरुषभर उंचीचे दगड खोलीच्या भिंतींसारखे उभे रोवलेले, आत शिरायला वाकून जावं लागेल असा बोळ, आणि सगळ्यावर झाकण म्हणून एकच अजस्र शिळा. त्यावर मातीचा ढीग. लोक इतकी वर्षं त्याला टेकाड समजत होते, गुरं त्यावर चढून चरायची. मागच्या वर्षी ती शिळा उचलायला क्रेन आणली. क्रेनवाला अंगानं आडवा आणि स्वभावानं सावध माणूस. पट्टे पुन्हा पुन्हा तपासले, सगळ्यांना लांब उभं केलं, आणि शिळा हवेत तरंगायला लागली तेव्हा आमच्यातल्या कुणाचाच श्वास चालू नव्हता. ती सुखरूप बाजूला टेकली, तसा त्यानं घाम पुसला आणि मला विचारलं, "यांनी त्या काळी कशी चढवली हो ही?" मी म्हटलं, दोर, ओंडके आणि पुष्कळ माणसं. "आणि भांडणं," तो म्हणाला. "एवढं वजन भांडणाशिवाय हलत नाही." मी ते माझ्या अहवालात घालायचा विचार करतेय.

आत गुडघाभर माती होती आणि मातीत हाडंच हाडं. कवट्या एका कोपऱ्यात, मांड्यांची हाडं भिंतीच्या कडेनं सरपण रचावं तशी. मधोमध मात्र एक बाई अखंड, कुशीवर निजलेली, गुडघे पोटाशी घेऊन. कप्तानानं पाहताक्षणी निकाल दिला की चोर शिरले असणार, नाहीतर कोल्हे, आणि त्यांनी सगळी उलथापालथ केली. मलाही आधी तसंच वाटलं. मग त्या बाईला उचलून झाल्यावर मी तिच्या खालची माती ब्रशनं काढायला बसले, तर तिथं बोटांची हाडं सापडायला लागली. तिची नव्हेत, तिची सगळी बोटं जागच्या जागी होती. दुसऱ्या कुणाची, तिसऱ्या कुणाची, शेंगदाण्याएवढाली हाडं.  याचा अर्थ एकच होता. यातला प्रत्येक माणूस आधी इथंच, मधोमध, अख्खाच्या अख्खा ठेवलेला होता. वर्षं जायची, घरातलं आणखी कुणी जायचं, मग घरचे बोळातून वाकून आत यायचे, आधीच्याची मोठी हाडं उचलून भिंतीशी लावायचे आणि मधली जागा मोकळी करायचे. बारीक हाडं अंधारात मागे राहून जायची. बाहेर कुणालाच टाकलेलं नव्हतं. चोरबीर कुणी नव्हतं, पोरी, ही घरचीच माणसं होती आणि घरच्यांनीच त्यांना सरकवलं होतं.

तिथल्या काही हाडांचे आणि दातांचे नमुने आम्ही डीएनए तपासायला प्रयोगशाळेत पाठवले. अशा गोष्टींना वेळ लागतो. त्याबद्दल पुढे लिहिते, कारण मध्ये दुसरंच काहीतरी घडलं, आणि ते आधी सांगायला हवं.

मागच्या आठवड्यात आमच्याकडे एक पाहुणा आला. जेवणाची वेळ होती. मी सावलीत पाय पसरून बसले होते. चढणीवरून एक गृहस्थ येताना दिसले. शहरी बूट, घामानं पाठीला चिकटलेला शर्ट, हातात फळांची पिशवी. मला वाटलं जमीन खात्याचा कुणी असेल, कारण ते लोक नेहमी जेवायच्या वेळी येतात. तो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मी दातांचा डॉक्टर. ठमीचा."

दातवाला काका! गेलं वर्षभर फोनवर त्याच्याशिवाय दुसरी गोष्ट नाही. दातवाल्या काकांनी माझा पडलेला दात काडेपेटीत घालून दिला. दातवाल्या काकांच्या खुर्चीचा पायाकडचा खटका दाबला की खुर्ची वर जाते. दातवाले काका आईला जिन्यात भेटतात. त्याचा दवाखाना तुझ्या चष्म्याच्या दुकानाच्या बरोबर वर आहे, हेही मला ठमीनंच सांगितलं. आणि तू, जी मला भिंतीला आलेल्या ओलीचंसुद्धा सविस्तर वर्णन ऐकवतेस, ती या माणसाबद्दल एक अक्षर बोलत नव्हतीस. पोरी, न बोलणाऱ्या माणसांकडून माहिती काढणं हाच माझा जन्मभराचा धंदा आहे. तुझं गप्प बसणं मला केव्हाचं वाचता येत होतं.

तेव्हा मला काय वाटलं ते तुला लिहू की नको, असं मघापासून चाललंय माझं. लिहितेच. मला राग आला. माझा मुलगा जिथं बसायचा तिथं बसायला निघालेला माणूस, आणि तो फळं घेऊन आलाय, असं मनात आलं. त्याची पिशवी घेतली, बाजूला ठेवली, आणि म्हटलं, "आला आहात तर हात लावा. इथं नुसतं बघायला कुणी येत नाही." आणि त्याला मातीची ढकलगाडी दिली. आमच्याकडचं सगळ्यात कंबरतोड काम. भरलेली गाडी फळीवरून ढकलत नेऊन लांबच्या ढिगावर ओतायची आणि परत यायचं. कप्तान माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं असेल, बाईंचं उन्हानं काहीतरी झालं.  डॉक्टरनं मात्र शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि गाडी उचलली. पहिल्याच खेपेला फळीवरून घसरून गाडीसकट आडवा झाला. विद्यार्थी हसले, तोही हसला, आणि सांडलेली माती हातांनी भरून पुन्हा निघाला. संध्याकाळी हात धुताना पाहिलं, तळव्यांना फोड आले होते. दातांच्या डॉक्टरचे हात. मला लाज वाटली, पण इतकीही नाही की बोलून दाखवावी. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर. गावातल्या लॉजवर मुक्काम ठोकला होता पठ्ठ्यानं. मी हातमोजे दिले आणि गाडी सोडवून चाळणीवर घेतलं.

त्याआधी त्यानं एकच मागणं केलं, की दात बघायचेत. आता हे म्हणजे कुंभाराला मडकं दाखवण्यासारखं. मी त्याला तंबूत नेलं आणि एक जबडा हातात दिला. त्यानं तो दोन्ही हातांनी घेतला, तान्हं मूल घेतात तसा, हे मी पाहिलं. दात मुळापर्यंत झिजलेले. "ऐंशीची तरी असेल म्हातारी," तो म्हणाला. मी म्हटलं, "पन्नाशीची. माझ्याहून लहान."  मग मी सांगितलं की दगडावर धान्य रगडलं की पिठात कच येते, जन्मभर ती चावून दातांचं हे असं होतं. या म्हातारीच्या गुडघ्यांची हाडंही मी दाखवली, घासून गुळगुळीत झालेली. तिला बसताउठताना काय होत असेल ते मला पुस्तकात बघावं लागत नाही. नंतर त्यानं एक लहान जबडा पाहिला आणि काही न विचारता खाली ठेवला. पडायला आलेला दुधाचा दात आणि त्याच्याखाली वर येऊ घातलेला पक्का. "ठमीएवढं," एवढंच म्हणाला. हे त्याचं बरोबर होतं.

आमची चाळण तीन बांबूंच्या तिकाटण्याला टांगलेली असते. दोन्ही बाजूंना दोघांनी उभं राहायचं, मध्ये माती टाकायची, एकानं ढकलायची, दुसऱ्यानं ओढायची. तोंडासमोर तोंड येतं, त्यामुळे न आवडणाऱ्या माणसाबरोबर हे काम फार अवघड जातं. आम्ही गाडीभर माती चाळली. आणि एकदम तो म्हणाला, "शिट्टी फार बेसूर वाजवायचे म्हणे." मी विचारलं, कोण? तो म्हणाला, "तुमचा मुलगा."

चाळण थांबली. मी थांबवली की त्यानं, कोण जाणे. तुला सांगते, 'तुमचा मुलगा' हे शब्द मी किती काळात ऐकले नव्हते. लोक 'जे झालं ते' म्हणतात, 'त्या प्रसंगानंतर' म्हणतात, जास्तच जवळचे असले तर नुसता हात दाबतात. हा अनोळखी माणूस चाळणीपलीकडून सरळ म्हणतोय, तुमचा मुलगा शिट्टी बेसूर वाजवायचा. आणि वाजवायचाच की! पुलांची पाहणी करायला जायचा तेव्हा पुलाखालूनसुद्धा ओळखू यायचा, असं त्याच्याबरोबरचे लोक सांगायचे. मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? तर म्हणाला, ठमीनं. दात तपासताना ती घाबरू नये म्हणून तो तिला काहीतरी सांगायला लावतो, आणि ती तिच्या बाबांबद्दल सांगते. तोंड उघडं ठेवून बोलता येत नाही, म्हणून हातवारे करून सांगते. पण तिच्याजवळचं सगळं सांगून संपलंय. तो गेला तेव्हा ती केवढी होती, तिला आठवून आठवून किती आठवणार? म्हणून आता तिच्याकडे प्रश्न आहेत. ते तिनं त्याच्याजवळ दिलेत. आजीला विचारून या म्हणून.

मी म्हटलं, ती मला का नाही विचारत? फोनवर तासभर बडबडते.  तो म्हणाला, "ती म्हणते, आजीला विचारलं की आजी चष्मा पुसते, आणि आईला विचारलं की आई कपड्यांच्या घड्या घालायला लागते."

पोरी, मी तिथंच मातीच्या ढिगावर बसले. कप्तान धावत आला, पाणी आणू का म्हणून. मी त्याला हाकलून दिलं. आणि मग त्या माणसाला म्हटलं, विचारा. त्याला सगळे पाठ होते. बाबांना अंधाराची भीती वाटायची का? वाटायची, म्हटलं, चांगला मोठा होईपर्यंत, आणि दिवा लावून झोपताना मला सांगायचा की पुस्तक वाचतोय. बाबा कधी खोटं बोलायचे का? हेच तर मघाशी सांगितलं! बाबांना गणित यायचं का? यायचं, पण पाढे बोटांवर. बाबांचा पहिला दात कुठे पडला? हे मला आठवेना, आणि आठवेना म्हणून मी रडायला लागले. तो चाळणीला धरून नुसता उभा राहिला. गप्प राहा, शांत व्हा, असलं काही म्हणाला नाही. मग मला दुसरंच आठवलं. हा भिंतीवरून पडला आणि समोरचा दात तुटला, म्हणून मी त्याला दवाखान्यात नेलं होतं, आणि तिथं त्यानं डॉक्टरचं बोट असं कडकडून चावलं होतं की त्या डॉक्टरनं आम्हाला पुन्हा येऊ नका म्हणून सांगितलं. डोळे पुसत पुसत हे सांगितलं, तर तो हातमोजा काढून मला बोट दाखवायला लागला. "ठमीनं चावलंय," म्हणाला. "पण मी परत या म्हटलं." मी इतकी हसले, इतकी हसले की कप्तान पुन्हा धावत आला.

त्या दिवशी आम्ही माती फारशी चाळली नाही. मी बोलत होते आणि तो ऐकत होता. तुझ्याबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. निघायच्या वेळी मीच विचारलं, की तुम्ही मला काही विचारायला आला होतात का. तो म्हणाला, "नाही. मी तिला विचारलं होतं, तिनं नाही म्हटलं. मग तुम्हाला विचारण्यासारखं काही उरत नाही." मग एवढ्या लांब कशाला आलात? तर म्हणे, "ठमीचे प्रश्न होते. आणि ती ज्यांच्यासाठी नाही म्हणते, त्या बाई कशा आहेत ते एकदा बघावं म्हटलं." मी म्हटलं, मग, कशा आहेत?  "गुडघे वाईट आहेत," म्हणाला, आणि उतरायला लागला. "मी येऊन गेल्याचं तिला सांगणार नाही, तुमचं तुम्ही ठरवा," असंही वळणावरून ओरडून सांगितलं. म्हणजे अजून तुला ठाऊक नसेल. रागावू नकोस त्याच्यावर. माझ्यावरही.

आता ते डीएनएचं. प्रयोगशाळेचा अहवाल डॉक्टर परत गेल्यानंतर आला. मी हे मुद्दाम लिहितेय, कारण तोवर माझं ठरून गेलं होतं. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचा दाखला देऊन मी तुला गळ घालते आहे असं तुला वाटायला नको. पण ती माणसं माझ्या हातांतून गेलीत, त्यांच्याबद्दल तुला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

झिजल्या दातांची ती म्हातारी आणि भिंतीशी लावलेला एक तरुण पुरुष, हे मायलेक. तो पंचविशीच्या आतबाहेर गेला. कशानं ते हाडांवर दिसत नाही, ताप असेल. मधोमध निजलेली बाई त्यांच्या रक्ताची नाही. लहानपणी प्यायलेल्या पाण्याची खूण दातांत राहते, आणि तिच्या दातांवरून असं दिसतं की ती दुसऱ्या प्रदेशात वाढली, म्हणजे लग्न होऊन आली असावी. तिची आणि त्या तरुणाची एक मुलगी, तीही तिथंच, चांगली मोठी होऊन गेलेली. इथपर्यंत सगळं सरळ. पण ज्याचा जबडा डॉक्टरनं काही न बोलता खाली ठेवला, तो मुलगा त्या बाईचा आहे आणि त्या तरुणाचा नाही. त्याचा बाप दुसरा. आणि तो दुसराही तिथंच आहे, बोळाच्या तोंडाशी, आतल्या कुणाशीही रक्ताचं काही नातं नसलेला उंच माणूस. कप्तान कागद माझ्यापुढे आपटून म्हणाला, "बाई, बाहेरच्याला आत घेतलाय यांनी!" तो खूश होता, त्याला यावर मोठा लेख लिहायचाय. मी तंबूत जाऊन आमचे नकाशे काढले. त्या लहान मुलाची कवटी कोपऱ्यात कुणाला लागून होती ते मला पाहायचं होतं. मला आठवत होतंच, तरी पाहिलं. म्हातारीच्या कवटीला.

ती आधी गेली की तो, कुणी कुणाला कुणाजवळ ठेवलं आणि का, यातलं काही मला सिद्ध करता येणार नाही. अहवालात मी लिहीन, 'एकमेकांलगत आढळले', आणि पूर्णविराम देईन. पण तुला सांगायला काय हरकत आहे? ते थडगं म्हातारीच्या घराण्याचं होतं. तिचा मुलगा गेला, सून राहिली, सुनेनं दुसरा माणूस केला, त्यांना मूल झालं, आणि ती सगळी शेवटी याच शिळेखाली आली. कुणीतरी 'येऊ दे' म्हटलं असणार. त्यासाठी तिला काय काय गिळावं लागलं असेल, किती दिवस ती कुणाशी बोलली नसेल, ते हाडांत उतरत नाही. म्हातारीला संत करायचं माझ्या मनात नाही. मी स्वतः एका सभ्य माणसाला ढकलगाडीला जुंपलं होतं.

पोरी, तू त्याला माझ्यामुळे नाही म्हणालीस. माझ्याकडे बघून कुणी काही सोडून द्यावं, एवढी मी काही नाजूक नाही. मुलगा गेला तेव्हा लोकांनी मला सांगितलं, सुनेला सांभाळा. आणि प्रत्यक्षात कुणी कुणाला सांभाळलं? तू चष्म्याच्या काचा घासून घर चालवलंस, ठमीला वाढवलंस, दर सुट्टीत तिला घेऊन माझ्याकडे येत राहिलीस, कारण मी एकटी आहे. त्याचा फोटो काढून ठेव असं मी म्हणणार नाही आणि तो माणूसही म्हणणार नाही. उलट मला वाटतं, तुमच्या घरात त्याचं नाव आता पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं जाईल. ठमी विचारेल, आणि कुणीतरी चष्मा न पुसता उत्तर देईल. मला तो माणूस आवडला. आवडायचा नव्हता, पण आवडला. तू त्याला परत जिन्यात गाठून काय म्हणायचं ते तुझं तू ठरव. त्याला माझी परवानगी लागत नाही आणि तुलाही नाही, म्हणून मी ती देतही नाही.

मग एवढं सगळं लिहिलं कशासाठी? मला तुझ्याकडे काहीतरी मागायचंय, आणि ते फोनवर मागायची हिंमत झाली नाही म्हणून. तू हो म्हणालीस, तर कधीतरी नोंदणी कचेरीत जाल, आणि तिथं तुझ्या बाजूनं कुणीतरी सही करायला लागेल. मागच्या खेपेला तुझ्या बाजूनं कुणी नव्हतं. तुझी आई तू शाळेत असतानाच गेली, वडील त्याच्याही आधी. तुझ्या बाजूची सही तुझ्या मैत्रिणीनं केली, आणि मी पलीकडे, नवऱ्यामुलाची आई म्हणून ऐटीत उभी होते. तेव्हा एकदा तू मान वळवून तुझ्या बाजूच्या रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलंस, ते मी पाहिलं होतं. तू मला पहिल्या दिवसापासून आई म्हणतेस, पण ते नवऱ्याची आई म्हणून. या खेपेला मला तुझ्या बाजूला उभं राहायचंय. चालेल का? लगेच सांगू नकोस. शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं मी येतेय. स्टेशनवर तू आणि ठमी दोघीच आलात तरी मला आनंद आहे, आणि तिघं आलात तर सामान उचलायला बरं पडेल. त्या सहीच्या पुढे नातं लिहावं लागतं. मला तिथं काय लिहायचंय, ते खाली लिहून बघतेय.

तुझीच,
मुलीची आई